अ‍ॅडव्हान्स लेव्हलपदी बिनविरोध निवड

शिरूर शहरात प्रौढांसाठी नृत्यवर्ग सुरू झाला, ही घटना गंभीर होती. पण सुरुवातीला ती कोणी गांभीर्याने घेतली नाही. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक इमारत आहे. खाली खत-बियाण्यांचं दुकान आणि वर एक लांबलचक हॉल. त्या हॉलच्या भिंतींना आरसे लावून इंद्रजीत सरांनी ‘तालरंग डान्स स्टुडिओ’ काढला. सर मूळचे दौंडचे. काही वर्षं पुण्यात एका मोठ्या स्टुडिओत शिकवून आल्यामुळे, नाच म्हणजे नुसतं नाचणं नसून त्यात लेव्हल असतात, हे ज्ञान त्यांनी सोबत आणलं होतं. फाउंडेशन, बिगिनर, इंटरमीजिएट आणि सगळ्यात वर अ‍ॅडव्हान्स. खालची लेव्हल पार केल्याशिवाय वरची मिळणार नाही आणि स्टुडिओच्या कोणत्याही कार्यक्रमात वरच्या लेव्हलचे आधी नाचतील, खालचे शेवटी, असा नियम त्यांनी आरशावरच चिकटवला होता.

मुलांच्या बॅचला झुंबड उडाली. मोठ्यांच्या बॅचला मात्र कोणी येईना. आपल्या भागात मोठी माणसं नाचत नाहीत असं कोणी म्हणणार नाही. वरात असो, बैलगाडा शर्यतीतला पहिला नंबर असो, नाहीतर ग्रामपंचायतीचा निकाल. गुलाल उडाला की भल्याभल्यांचे हात वर जातात. अडचण वेगळी होती. क्लासला नवीन आलेल्याने मागच्या रांगेत उभं राहायचं होतं आणि मागच्या रांगेतल्याचं तोंड आरशात दिसत नाही. ज्या भागात लग्नाला गेल्यावर वधूवरांच्या आधी माणूस आपली खुर्ची कितव्या रांगेत आहे ते बघतो आणि माइकवरून स्वागताला आपलं नाव घेतल्याशिवाय जेवायला उठत नाही, त्या भागात हा नियम चालणं कठीणच होतं.

मोठ्यांच्या बॅचला आपणहून आलेल्या पहिल्या बाई म्हणजे सुरेखाबाई. त्या रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर कामाला होत्या. माहेर पाबळचं. माहेरी असताना कोणाचीही हळद त्यांच्याशिवाय सुरू होत नसे. हलगीवर पहिली काठी पडली की सुरेखाचे पाय कोणाला विचारायला थांबत नसत. पुढे लग्न होऊन त्या घोडनदीकाठच्या एका गावात दत्ताच्या घरी आल्या. सासरच्या पहिल्याच हळदीत त्या सवयीने उठल्या, दोन पावलं टाकली आणि बाजेवर बसलेले चुलत सासरे मारुतराव खाकरले. ते नुसते खाकरले नाहीत, बोललेही.

“आपल्या घरातल्या बाया नाचत न्हाईत.”

सुरेखाबाई बसल्या त्या बसल्याच. त्यानंतर त्या नाचल्या त्या स्वयंपाकघराचं दार लावून, आवाज बारीक करून, लहानग्या तेजश्रीचे दोन्ही हात धरून. एकदा तेजश्री दमून खाली बसली आणि म्हणाली, “आई, माझ्या लग्नात आपण दार उघडं ठेवून नाचायचं.”

“नाचू की,” सुरेखाबाई म्हणाल्या.

लहान मुलाला दिलेला शब्द बहुतेक आईबाप विसरतात आणि सुखी होतात. सुरेखाबाई विसरल्या नाहीत. तेजश्री शिकली, नोकरीला लागली, दौंडकडच्या केडगावच्या रोहनशी तिचं लग्न ठरलं, आणि साखरपुड्याच्या रात्री ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, “दार उघडं ठेवायचं आहे, लक्षात आहे ना?”

आता दार उघडायचं म्हणजे मारुतरावांना विचारणं आलं. मारुतराव गावात आबा म्हणून ओळखले जात. एका पतसंस्थेचे ते इतकी वर्षं चेअरमन होते की त्या खुर्चीचं कापड दोनदा बदललं होतं, माणूस नाही. दत्ताने मान खाली घालून विषय काढला.

“आबा, तेजूच्या लग्नात तिची आय नाचायचं म्हंतीया. एकच गानं.”

मारुतरावांनी विचार केला. काळ बदलला होता. त्यांच्या स्वतःच्या नातीचा नाच मोबाइलवर बघून लोक त्यांना मंगल कार्यालयात ओळख देत होते. ते म्हणाले, “नाचायला ना न्हाई. पर असं उठलं आन् नाचलं, हे आपल्यात चालायचं न्हाई. रीतसर क्लास लावा, शिका, लेव्हल घ्या. मग कोन नाव ठेवतंय बघू.”

अशा रीतीने, ज्या बाईला आयुष्यात नाच सोडून बाकी सगळं शिकावं लागलं होतं, ती नाच शिकायला स्टुडिओचा जिना चढली.

इंद्रजीत सरांनी तिची चाचणी घेतली. गाणं लावलं आणि “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट” म्हणायला सुरुवात केली. सर ‘सेव्हन’वर असतानाच सुरेखाबाई हॉलच्या मध्यावर पोचल्या होत्या. गाणं संपलं तेव्हा खालचा दुकानदार युरियाचं पोतं तसंच सोडून जिन्यात येऊन उभा होता. सरांचेही हात टाळ्यांसाठी वर गेले होते. मग त्यांना आपण शिक्षक आहोत हे आठवलं.

“ताई, तुम्ही सुरुवात कधी केलीत?”

“गानं सुरू झालं तवाच.”

“पण माझा काउंट पूर्ण झाला नव्हता.”

“गानं कुठं थांबलं व्हतं सर तुमच्या काउंटासाठी?”

सरांनी मान हलवली. “आता जी शेवटची स्टेप केलीत, तिचं नाव काय?”

“नाव न्हाई ठेवलं.”

“तीच अडचण आहे. तुमच्यात खूप काही आहे ताई. ते आधी काढावं लागेल. तुम्ही फाउंडेशनला या.”

फाउंडेशनचा पहिला विषय ‘उभं राहणं’ हा होता. सुरेखाबाईंनी सांगून पाहिलं की त्या कंपनीत अख्खी शिफ्ट उभ्याच असतात. सर म्हणाले की ते उभं राहणं वेगळं, त्यात जाणीव नसते. मग शिफ्ट संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून, सुरेखाबाई रोज हॉलमध्ये येऊन जाणीवपूर्वक उभ्या राहू लागल्या. नंतर आलेले दोघेचौघे काउंटची वाट बघत उभे राहिले आणि लगेच बिगिनरला गेले, त्यामुळे फाउंडेशनमध्ये त्या एकट्याच उरल्या.

सून कशी शिकते आहे ते बघायला एक दिवस मारुतराव आले. येणारच होते, हॉल सरांनी भाड्याने घेतला असला तरी इमारत मारुतरावांची होती आणि वर जायला जिना एकच होता. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सून मागे उभी होती, ते ठीकच होतं. पण बिगिनरच्या रांगेत, अगदी आरशासमोर, त्यांच्याच पतसंस्थेतला कारकून कंबर हलवत होता.

“सर, हितं सगळ्यात वरची लेव्हल कंची?” मारुतरावांनी विचारलं.

“अ‍ॅडव्हान्स.”

“तिथं सध्या कोन हाय?”

“सध्या कोणीच नाही.”

“म्हंजी जागा रिकामी हाय.”

“रिकामी म्हणजे... तिथपर्यंत पोचावं लागतं, आबा. टेस्ट असते.”

“टेस्ट कारकुनाची आसती, सर. चेअरमनची निवड आसती.” मारुतराव समजुतीच्या सुरात म्हणाले. “आता मला सांगा, त्यो माझा कारकून हितं बिगिनर. मी त्याच्या मागं उभा ऱ्हायलो, तर उद्या वसुलीला त्यो माझं ऐकंल का? संस्था बुडंल. ठेवीदारांचं काय करायचं?”

नाचाचा ठेवीदारांशी असलेला हा संबंध पुण्यात कोणी शिकवला नव्हता. इंद्रजीत सर गप्प झाले. आणि आपल्याकडे एका जागेसाठी एकच नाव पुढे आलं आणि बाकीचे गप्प राहिले, की त्याला बिनविरोध निवड म्हणतात.

दोनच दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. मारुतराव फेटा बांधून हात जोडून उभे. वर लिहिलेलं, ‘अ‍ॅडव्हान्स लेव्हलपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची दाटी. फेटेवाल्यांनी फेटे बांधले, उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. बाजारपेठेतून जाताना शेकडो पोरं जीपपुढे घामाघूम होईपर्यंत नाचली. त्यांच्यापैकी एकाकडेही लेव्हल नव्हती. त्या सबंध मिरवणुकीत न नाचलेला माणूस एकच होता आणि तो जीपमध्ये उभा होता.

हा फ्लेक्स शंकररावांनी पाहिला. शंकरराव म्हणजे त्याच भावकीतल्या खालच्या आळीचे आप्पा, विकास सोसायटीचे माजी अध्यक्ष. मारुतरावांशी त्यांचं वैर नव्हतं, फक्त एकमत कधी झालेलं नव्हतं. ते थेट स्टुडिओत आले.

“सर, आमच्या आळीला प्रतिनिधित्व न्हाई.”

“आप्पा, हा डान्स क्लास आहे.”

“ते दिसतंय मला. वरच्या आळीचा मानूस अ‍ॅडव्हान्स आन् खालच्या आळीचं कोनच न्हाई. कार्य एकाच भावकीत हाय. आम्ही काय नुसतं जेवायला यायचं?”

प्रकरण लग्नावर बहिष्कारापर्यंत जाणार असं दिसताच जाणकार मंडळी बायपासच्या हॉटेलात मिसळ खायला बसली आणि तोडगा निघाला. सरपंचपदासाठी जो काढतात तोच. निम्मी मुदत मारुतरावांची, निम्मी शंकररावांची. मारुतरावांनी लग्नाच्या दिवशी लेव्हलचा राजीनामा द्यायचा आणि शंकररावांनी मांडवातच पदभार घ्यायचा. तोवर शंकररावांनी काय करायचं, हा प्रश्न उरला. त्यासाठी इंटरमीजिएट लेव्हल महिलांसाठी राखीव करण्यात आली आणि तिथे शंकररावांच्या पत्नी चांगुणाबाईंची वर्णी लागली. चांगुणाकाकूंना गुडघ्यांमुळे जिना चढता येत नव्हता. त्यामुळे लेव्हल काकूंच्या नावावर राहिली आणि क्लासला आप्पा येऊ लागले. हजेरी घेताना सर “चांगुणाबाई” म्हणाले की शंकरराव मिशीवरून हात फिरवून “हाय” म्हणत.

एकदा वाट मोकळी झाल्यावर माणसांना तोटा नव्हता. मागच्या रांगेचा प्रश्नच मिटला होता, कारण कोणाला मागे उभं राहावं लागत नव्हतं. ज्यांना निवडून येणं जमलं नाही ते स्वीकृत इंटरमीजिएट झाले, काही कायम निमंत्रित झाले, आणि एकजण तज्ज्ञ म्हणून घेण्यात आला, कारण त्याचा मेहुणा डीजेवाला होता. आता रीतसर क्लास म्हणजे आधी मागच्या क्लासचं इतिवृत्त वाचून कायम करणं आलं. मग विषयपत्रिका. उजवा पाय आधी टाकावा की डावा, या विषयावर साधकबाधक चर्चा होऊन एक उपसमिती नेमण्यात आली. पायांना सवड मिळेना.

इंद्रजीत सर या काळात झपाट्याने बदलले. पूर्वी ते स्पीकरवर गाणं लागलं की गप्प उभे राहू शकत नसत. आता “मा. अ‍ॅडव्हान्स महोदयांच्या परवानगीने” असं म्हटल्याशिवाय त्यांचा हात बटणाकडे जात नसे. त्यांच्या खिशाला दोन पेनं दिसू लागली.

पुष्कळदा पदाधिकारी कुठल्या ना कुठल्या दहाव्याला किंवा उद्घाटनाला गेलेले असत आणि गणपूर्तीअभावी क्लास तहकूब होई. तहकूब क्लास त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घ्यावा आणि त्याला गणपूर्तीची अट नसावी, असा ठराव झालेला होता. तो अर्धा तास सगळे खाली चहाला जात. फाउंडेशनला चहाला बोलावण्याची पद्धत नव्हती. सुरेखाबाई हॉलमध्ये एकट्या उरत आणि स्वतःशीच गाणं म्हणत नाचत. आरशात चहूकडे त्याच दिसायच्या, आणि इतक्या वर्षांनी स्वतःला नाचताना बघून त्यांना कधीकधी भरून यायचं. लेकीचा हात कुठे धरायचा, गिरकी कुठे घ्यायची, सगळं त्यांनी त्या अर्ध्या अर्ध्या तासांत ठरवून ठेवलं.

एकदा कारकून विसरलेला रुमाल न्यायला वर आला आणि त्याने पाहिलं. दुसऱ्याच दिवशी सुरेखाबाईंना नोटीस मिळाली. ‘आपण फाउंडेशन लेव्हलवर असताना तहकुबीच्या कालावधीत गिरकी घेतल्याचे निदर्शनास आले आहे. गिरकी ही इंटरमीजिएट लेव्हलची बाब असल्याने याबाबत लेखी खुलासा करावा.’ दत्ताने शेजारच्या मास्तरांकडून खुलासा लिहून आणला. ‘फरशीवरून पाय घसरल्यामुळे गिरकी झाली. यापुढे काळजी घेण्यात येईल.’ खुलासा समाधानकारक वाटल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात आले.

नोटिशीची प्रत घेऊन सुरेखाबाई सरांसमोर उभ्या राहिल्या.

“सर, तुमच्या डोळ्यानं सांगा. मला नाचता येतं का न्हाई?”

सरांनी दाराकडे पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. “येतं ताई. या हॉलमध्ये तुम्हालाच येतं. म्हणून तर तुम्हाला शेवटी ठेवावं लागतं. तुम्ही आधी नाचलात, तर बाकीच्यांनी त्यानंतर काय करायचं?”

“पर माझा नंबर येईल ना?”

“नंबर सगळ्यांचा येतो. वेळ उरला पाहिजे.”

लग्न चौफुल्याच्या अलीकडे एका लॉन्सवर होतं. मुहूर्त साडेबाराचा. त्याआधीचा सबंध तास नृत्याच्या कार्यक्रमाला दिला होता, आणि शेवटचं गाणं माय-लेकीचं, असं तेजश्रीने स्वतः पत्रिकेत छापून घेतलं होतं. सुरेखाबाईंनी हिरवी पैठणी नेसली होती. निऱ्या पायात येऊ नयेत म्हणून त्यांनी पहाटेच घरात नेसून, चालून पाहिलं होतं.

वऱ्हाड आल्या आल्या पहिला पेच पडला तो दौंडचा. वरपक्षाकडचे चार मान्यवर दौंडच्या एका स्टुडिओतून लेव्हल घेऊन आले होते आणि तिथल्या लेव्हल ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा होत्या. दौंडचा गोल्ड शिरूरच्या अ‍ॅडव्हान्सच्या वर की खाली? शिरूरकर म्हणाले, समकक्ष. दौंडकर म्हणाले, नवरदेवाकडची लेव्हल समकक्ष कशी असेल? शेवटी दोन्ही लेव्हलना एकाच वेळी व्यासपीठावर घ्यायचं ठरलं. त्यासाठी दोन सोफे आणावे लागले. सोफे आणायला टेम्पो गेला.

मग नृत्याचं उद्घाटन झालं. मारुतरावांनी समई पेटवली, स्पीकरवर नारळ फोडला आणि नाचाचं जीवनातलं महत्त्व या विषयावर दोन शब्द सांगितले. दोन शब्दांत पतसंस्थेची स्थापना आली, दुष्काळ आला, नदीवरचा पूल आला. अ‍ॅडव्हान्स लेव्हलने नाचायचं नसतं, नाचाला आशीर्वाद द्यायचा असतो, हे एव्हाना सर्वमान्य झालं होतं. ते बसल्यावर शंकरराव पदभार घ्यायला उठले. मारुतराव बसूनच राहिले.

“आबा, राजीनामा?” शंकररावांनी विचारलं.

“कसला?”

“मिसळीच्या टायमाला ठरलं व्हतं.”

“मिसळीच्या टायमाला मी फक्त मिसळ खाल्ली, आप्पा.”

माइक चालू होता, त्यामुळे हे साऱ्या मांडवाने ऐकलं. समजूत घालायला माणसं वर धावली. वर गेलेला प्रत्येकजण पुढारी असल्याने प्रत्येकाला फेटा बांधावा लागला. अखेर तालुक्याला दोन अ‍ॅडव्हान्स असावेत असा तोडगा निघाला आणि दोघांचाही सत्कार झाला. मग दौंडच्या गोल्डचा. मग चांगुणाकाकूंचा, जो आप्पांनी स्वीकारला. मग स्वीकृत, मग निमंत्रित. इंद्रजीत सर एकेक नाव पुकारत होते, शाल अंगावर पडत होती, फोटोसाठी माणसं थांबत होती, शाल परत घडी होऊन पुढच्यासाठी येत होती.

सुरेखाबाई मंचाच्या डाव्या बाजूला, फाउंडेशनच्या जागेवर उभ्या होत्या. जाणीवपूर्वक. वधूच्या खोलीचं दार किलकिलं होतं आणि फटीतून तेजश्रीच्या मुंडावळ्या हलताना दिसत होत्या. भटजी घड्याळ बघत होते. दत्ता दोनदा सरांपर्यंत जाऊन हात जोडून परत आला. “येईल नंबर,” तो बायकोला म्हणाला. पण तिच्याकडे बघून म्हणाला नाही.

मुहूर्ताला एका गाण्याइतकाच वेळ उरला. इंद्रजीत सरांनी हातातल्या यादीकडे पाहिलं, सुरेखाबाईंकडे पाहिलं, आणि त्यांना काय झालं कोण जाणे, कोणा महोदयांची परवानगी न घेता त्यांनी बटण दाबलं.

हलगी वाजली. सुरेखाबाईंनी काउंटची वाट पाहिली नाही.

त्या कशा नाचल्या हे सांगायचं म्हणजे सगळे असंच म्हणतात की कळलंच नाही. आइस्क्रीमच्या स्टॉलवरची रांग मोडली. दौंडचा गोल्ड सोफ्यावरून उठून उभा राहिला. जन्मभर लाइनवर उभी राहिलेली, दाराआड नाचलेली ती बाई मोकळ्या उजेडात अशी फिरत होती की पैठणीचा पदर तिच्या मागे राहत होता. मारुतराव खाकरले नाहीत. त्यांचा उजवा बूट सतरंजीवर ठेका धरत होता आणि ते त्यांच्या लक्षातही आलेलं नव्हतं. सुरेखाबाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी दाराकडे दोन्ही हात पसरले.

दार सताड उघडलं. तेजश्री शालू दोन्ही हातांनी उचलून धावत निघाली. करवल्या “अगं, अगं” करत मागे. मांडवाच्या मधोमध वाट झाली. ती आली, आणखी जवळ आली. आता दोघींच्या हातांमध्ये फार तर एका ताटाची जागा उरली होती.

आणि त्याच क्षणी दुसऱ्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी हात वर केला.

ते रागावले नव्हते. गाणं थांबवा, असंही म्हणाले नाहीत. शेजारच्या कार्यकर्त्याला त्यांनी हळूच एवढंच सांगितलं की मघाच्या नावांमध्ये आपलं नाव राहिलं. कार्यकर्ता धावत मंचावर गेला. असा मान राहून गेला की काय होतं, हे सरांना आता पुण्यातल्या कोणत्याही शिक्षकापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी बटण बंद केलं. सुरेखाबाईंचे हात तसेच पसरलेले राहिले. सरांनी माइकवर दिलगिरी व्यक्त केली आणि ते नाव आदरपूर्वक पुकारलं. पाहुणे उठले, चारही दिशांना वळून नमस्कार करून बसले. तेवढ्यात भटजींनी शंखासारखा आवाज काढून मंगलाष्टकांना सुरुवात केली, मामाने तेजश्रीला खांद्याला धरून पाटाकडे नेलं, आणि लोकांच्या हातात अक्षता आल्या.

तेजश्रीचा हात सुरेखाबाईंच्या हातात आला तो थेट पाठवणीला. तेव्हा नाचायचं नसतं, रडायचं असतं. आणि त्यासाठी अजून लेव्हल निघालेली नाही. सोमवारी सुरेखाबाई शिफ्टला गेल्या. क्लासला परत आल्या नाहीत. पुढच्या क्लासमध्ये त्यांच्या गैरहजेरीची नोंद घेण्यात आली आणि फाउंडेशनची जागा रिकामी असल्याचं जाहीर झालं. त्या जागेसाठी अजून एकही अर्ज आलेला नाही.

लग्नाला आलेल्या बायका अजून त्या दुसऱ्या रांगेतल्या पाहुण्यांना बोल लावतात. ते बरोबर नाही. माणूस एवढ्या लांबून लग्नाला येतो, फेटा बांधून घेतो, तासभर कान माइककडे लावून बसतो. त्याचं नाव राहावं, हे कोणालाही लागेल. ते पाहुणे कोण, हे इथे लिहिणार नाही. तुमच्या शेजारी बसलेल्यांना माहीत आहे, तेवढं पुरे. नाव पुकारताना सरांच्या तोंडी तुमचं आडनाव जरा चुकलं, त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली आहे. पण तुम्ही उठलात, उपरणं सावरलंत आणि चारही दिशांना वळून जो नमस्कार केलात, तो मात्र अप्रतिम होता. अगदी अ‍ॅडव्हान्स.